तोंडी पहिला, वहीत शेवटचा: अशा मुलाची शिकवणी कशी घ्यावी?

मिरजेहून शिकवणी घेणाऱ्या एका ताईंचं पत्र:

‘माझ्या घरी तिसरी ते पाचवीची सात मुलं येतात. आठवड्याचे पाच दिवस, रोज दीड तास. त्यात चौथीतला, नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. कुठली गाडी कुठून कुठं जाते, एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना कशा चुकवतात, हे तो मोठ्या माणसासारखं समजावून सांगतो. अपूर्णांकांची तोंडी गणितं पाचवीच्या मुलांच्या आधी सोडवतो. पण फळ्यावरच्या सहा ओळी उतरवायला त्याला पंचवीस मिनिटं लागतात. त्रेचाळीस म्हटलं की ३४ लिहितो. घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते, वेलांट्या कुठंही पडतात. पंखा घरघरायला लागला की कानांवर हात ठेवतो. त्याची आई म्हणते, “हुशार आहे, पण आळशी आहे. रोज पाच पानं शुद्धलेखन काढून घ्या.” तिला त्याला शिष्यवृत्तीला बसवायचंय. काहीतरी सर्जनशील द्यावं म्हणून मी कागदकाम दिलं, तर त्यानं ते फाडून टाकलं. बाकीची मुलं विचारतात, त्याला कमी लिहायला का? त्याला हुशार समजून शिकवू की कच्चा समजून?’

ताई, नमस्कार.

दोन्ही समजून शिकवा, फक्त एका वेळी एकच. त्याच्या विचारांना लागणारं खाद्य आणि त्याच्या हाताला लागणारा सराव यांच्या वेळा दीड तासात वेगळ्या ठेवा, आणि एकाला दुसऱ्याचं बक्षीस करू नका. ‘आधी शुद्धलेखन पूर्ण कर, मग रेल्वेचं बोलू’ या वाक्यानं अशा मुलांचं फार नुकसान होतं. शुद्धलेखन काही पूर्ण होत नाही आणि जिथं तो वरचढ आहे तिथवर त्याची पाळीच येत नाही. असं वर्षभर चाललं की ‘आळशी’ हे त्याचं त्यालाही पटायला लागतं.

तल्लख बुद्धी आणि वाचन-लेखनातली अडचण एकाच मुलात असू शकतात, आणि मग दोन्ही एकमेकींना झाकतात. असा मुलगा शब्दाचं पहिलं अक्षर बघतो आणि बाकीचा शब्द संदर्भावरून ओळखतो. गोष्टीच्या धड्यात हे खपून जातं. शाब्दिक गणितात खपत नाही, कारण तिथं ‘पैकी’च्या जागी ‘पेक्षा’ वाचलं की सगळं उदाहरण उलटतं. म्हणून तोंडी गणित बरोबर येतं, तेच छापलेलं चुकतं, आणि घरचे म्हणतात लक्ष नाही.

निदान करणं तुमचं काम नाही, पण दोन आठवड्यांच्या नोंदी तुम्ही ठेवल्यात तर निदान करणाऱ्याचा निम्मा रस्ता सोपा होईल. तीन गोष्टी करून बघा. पहिली, सहा ओळी फळ्यावरून, तेवढ्याच लांबीच्या सहा ओळी शेजारी ठेवलेल्या पुस्तकातून आणि सहा ओळी तुम्ही सांगून लिहायला द्या, वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येकीचा वेळ टिपा. फक्त फळ्यावरून उतरवताना वेळ लागत असेल तर आधी डोळे तपासायला सांगा. तिन्ही ठिकाणी लागत असेल तर अडचण हाताची किंवा अक्षर-उच्चाराच्या जोडणीची असण्याची शक्यता जास्त. दुसरी, त्याला काही अर्थहीन शब्द वाचायला द्या: घिभुला, बवाट, षेपूक, म्रोधी, असे दहा. इथं संदर्भावरून ओळखायला काहीच नसतं, त्यामुळे खरं वाचन किती येतं ते दिसतं. तिसरी, चुका मोजू नका, चुकांचे प्रकार लिहा. ‘वीस चुका’ यातून काहीच कळत नाही. ‘घ-ध सात वेळा, ऱ्हस्व-दीर्घ चार वेळा, रफार गळला तीन वेळा’ यातून पुढचा महिनाभर काय घ्यायचं ते कळतं.

पंख्याचा आवाज सहन न होणं ही वेगळी नोंद. त्यावरून लगेच ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, शिक्का मारू नका; इतर मुलांशी तो कसा खेळतो, ठरलेला क्रम बदलला की काय होतं, थट्टा कळते का, हेही लिहा. आणि रेल्वेच्या विषयात तासभर खिळून बसतो म्हणून लक्षाची अडचण नाही, असंही धरून चालू नका. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण, असलेली मुलंही आवडीच्या कामात तहानभूक विसरतात.

या नोंदी घेऊन पालकांनी आधी कान-डोळे तपासून घ्यावेत, मग मानसशास्त्रज्ञाकडे जावं. तिथं बुद्धिमापन होईल. आपल्याकडे मालिन यांची चाचणी अजून बरीच वापरतात, डॉ. मालिन यांनी ती नागपुरात भारतीय मुलांसाठी बेतली, १९६९ ची. पालकांना एक गोष्ट मात्र बजावून सांगा: बुद्ध्यांकाचा एकच आकडा घेऊन घरी यायचं नाही. शब्दसाठा आणि तर्काच्या भागात १३५ च्या आसपास आणि भराभर चिन्हं उतरवायच्या भागात ८५ असेल, तर सरासरी ११० येते आणि अहवालात ‘सर्वसाधारण’ लिहिलं जातं. ते मूल सर्वसाधारण नसतं, दोन टोकांवर असतं. म्हणून उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण मागून घ्यायचे. वाचनाची तपासणी मराठीतूनच व्हावी हा आग्रहही धरा. २०१५ मध्ये आलेल्या ‘डाली’ या डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचनातल्या अडचणीच्या, चाचणीत मराठी आहे. इंग्रजी शब्दांवरून मराठी माध्यमाच्या मुलाचं वाचन ठरवलं तर निष्कर्ष चुकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आणि ऑटिझम दोन्ही येतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं, म्हणजे याचं वय योग्य आहे. चौकशी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये करायला सांगा. प्रमाणपत्राचा खरा उपयोग पुढे बोर्डाच्या परीक्षेत, जादा वेळ आणि लेखनिक मिळवताना होतो. तुमच्या शिकवणीत बदल करायला मात्र कुठल्याही कागदाची वाट बघायची गरज नाही.

आता पाच पानं. ती आजपासून बंद. पाहून लिहिताना मूल बघतं, लक्षात ठेवतं, हात वळवतं, परत बघतं. ज्याची यातली एकही कडी कच्ची आहे तो पाचव्या पानापर्यंत फक्त चुका घोटत असतो. त्याऐवजी रोज बारा मिनिटं द्या, पण ती पूर्ण त्याची. बाकीचे सहाजण पाढे किंवा शाळेचा गृहपाठ करत असताना त्याला जवळ घ्या.

स्टीलच्या ताटात वाटीभर बारीक रवा पसरा, थर अर्धा सेंटीमीटरच्या आत. सहा शब्द घ्यायचे, चार कालचे आणि दोन नवे. शब्द आधी तोंडानं तोडायचा, प्रत्येक अक्षराला एक बटण पुढे सरकवायचं. मग बोटानं रव्यात लिहायचं आणि लिहिता लिहिता उच्चार मोठ्यानं करायचा. पाच वेळा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. शेवटी पाटीवर एकदाच. यात चूक होते ती ही, की मुलं मुकाट्यानं अक्षर ‘काढतात’. उच्चाराशिवाय काढलेलं अक्षर हे चित्रच असतं, आणि तो तसाही चित्रासारखंच लिहितोय. उच्चार थांबला की हात थांबवा.

सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात घेऊ नका. घ पक्का झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी ध. तसंच भ-म, ब-व, प-ष, आणि ‘ख’ व ‘रव’. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते, हा देवनागरीचा खोडसाळपणा त्याला सरळ सांगून टाका. हुशार मुलाला कारण कळलं की चिडचिड कमी होते. नियम असा द्या: आधी अक्षर, मग वेलांटी, आणि पहिल्या वेलांटीसाठी डावीकडे बोटभर जागा सोडायची. जोडाक्षरांत सगळ्यात छळतो तो र. सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या: चार ठिकाणी चार रूपं. एका आठवड्यात एकच रूप, आणि त्या आठवड्यात बाकीची तीन चुकली तरी खूण करायची नाही.

त्रेचाळीसचं प्रकरण निराळं आहे आणि त्यात त्याचा दोष थोडाच आहे. मराठीत तीन आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. आपण लिहितो उलट. एकोणपन्नासमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही आणि पन्नास मात्र ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! भाषेचं काय होणार तो वाद असो, या मुलासाठी ती पद्धत पूल म्हणून उत्तम आहे. जाड पुठ्ठ्याची कार्डं कापा: १० ते ९० ही दशकांची ८ सेंटीमीटर लांब, १ ते ९ ही एककांची ४ सेंटीमीटर, उंची सारखी. तुम्ही ‘त्रेचाळीस’ म्हणायचं, त्यानं ‘चाळीस तीन’ म्हणत आधी ४० ठेवायचं, त्यातल्या शून्यावर ३ ठेवायचा, आणि मग ‘त्रेचाळीस’ म्हणून वाचायचं. रोज आठ संख्या. एकोणतीस, एकोणचाळीस वगैरे पहिले तीन आठवडे वगळा, ती नंतर वेगळी घ्या.

कागदकाम त्यानं का फाडलं, ते आता लक्षात आलं असेल. ज्याचा हात चालत नाही त्याच्यापुढे कात्री आणि घडी ठेवणं म्हणजे आणखी एक हस्ताक्षराची परीक्षा. काय बनवायचं ते त्याच्या डोक्यात स्वच्छ दिसत होतं आणि हातून वेडंवाकडं काहीतरी निघालं, म्हणून फाडलं. सर्जनशीलता आणि हस्तकला यांची आपल्या शाळांनी गल्लत करून ठेवली आहे. या मुलाला हवाय तो उत्तर आधीच ठरलेलं नसलेला, पण अटी पक्क्या असलेला प्रश्न. नुसतं ‘काहीही बनव’ म्हटलं की ही मुलं गोठतात. अट असली की कामाला लागतात.

उदाहरणार्थ हा घ्या, आणि सातही मुलांना मिळून द्या. अ, ब, क ही तीन स्थानकं एका एकेरी मार्गावर आहेत. अ-ब अंतर १२ किलोमीटर, ब-क १८ किलोमीटर. गाड्या एकमेकींना चुकवू शकतात त्या फक्त स्थानकावर. दहा वाजता अ वरून एक आणि क वरून एक गाडी निघाली, दोन्हींचा वेग ताशी ६०. कोणी कुठं थांबायचं? मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे पहिली १०.१२ ला ब वर पोचते, दुसरी १०.१८ ला, पहिलीनं सहा मिनिटं थांबायचं. इथपर्यंत तिसरीचं मूलही बोटांवर येतं. खरी मजा पुढे: हे सहा मिनिटांचं थांबणं घालवायचे जितके सुचतील तितके मार्ग सांगा. कोणी म्हणेल पहिली सहा मिनिटं उशिरा सोडा, कोणी वेग बदलेल, कोणी नवं स्थानक बांधेल, कोणी थांबलेल्या वेळात पाणी भरून घेईल. मग तिसरी गाडी आणा, जी ब वर थांबतच नाही.

यात लिहायचं काही नाही. थर्माकोलच्या तक्त्यावर आडवी वेळ, उभं अंतर, टाचण्या आणि रंगीत दोरा. एका गाडीला एक रंग. दोरे जिथं छेदतील तिथं स्थानक नसेल तर टक्कर. रेल्वेचे नियंत्रकही गाड्यांचा असाच आलेख वापरतात, हे त्याला सांगा, किंवा तोच तुम्हाला सांगेल. पाचवीची मुलं मिनिटांचा हिशेब ठेवतील, कोणी ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ अशी पाच वाक्यांची उद्घोषणा लिहील, तिसरीतलं मूल घड्याळ सांभाळेल. त्यानं आपला मार्ग तोंडी सांगायचा आणि तुम्ही तो फोनवर ध्वनिमुद्रित करायचा. त्याचं बोलणं तुम्ही लिहून घेत असाल तर त्याच्याच शब्दांत लिहा. सुधारून लिहिलंत तर ते तुमचं होतं, आणि त्याला ते लगेच कळतं.

असा एक प्रश्न तीन-चार दिवस पुरतो. महिन्याभरानं मोठं काम द्या, आणि ते तुमच्या गावातच आहे. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून साधारण पाच लाख लिटर, पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या. त्यासाठी राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात टाक्या वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. माणशी ४० लिटर आणि घरात पाचजण धरले तर पाच लाख लिटर एका दिवसाला किती घरांना पुरेल? २,५०० घरांना. मग लातूरला ते कितीसं पुरलं असेल? टाक्या का धुवाव्या लागल्या, आधी त्यात काय असेल? स्थानकापासून घरापर्यंत पाणी कसं न्यायचं? आणि शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर मोठ्यांकडेही तयार नाही: पुन्हा तशी वेळ आली तर रेल्वेशिवाय काय करता येईल? विज्ञान, भूगोल, गणित, नागरिकशास्त्र सगळं यात आलं. तो आपल्या वयाच्या पुढचं वाचायला मागेल, तेव्हा तुम्ही वाचून दाखवा. वाचता येत नाही म्हणून विचारही चौथीच्या पुस्तकाएवढेच ठेवायचे, हा अन्याय आहे.

इथं तीन गोष्टी बिघडतात. एक, तो सगळं एकटाच बोलतो. प्रत्येकाला तीन बटणं द्या, बोललं की एक टाकायचं. संपली की ऐकायचं. दोन, त्याला भराभर येतं म्हणून आपण त्याला छोटा मास्तर करतो आणि बाकीच्यांना शिकवायला बसवतो. आठवड्यातून एखादे वेळी चालेल, एरवी तो त्याचा शिकायचा वेळ आपण वापरत असतो. तीन, फाडणं परत होणार. म्हणून पहिल्या दोन खेपा पाटीवरच करून घ्या. पुसणं स्वस्त असलं की चुकणंही स्वस्त होतं. कागद आला तर त्यावर आधीच मोठ्यानं ‘कच्चा’ लिहून द्या.

बसायच्या जागेचं थोडक्यात: पंख्यापासून लांब, पाठीमागे भिंत, दारासमोर नको. वीस मिनिटांनी उठायचं काहीतरी काम, पाण्याच्या बाटल्या भरणं किंवा फळा पुसणं. सूचना एका वेळी एकच. काम बदलायच्या आधी पाच मिनिटं सांगायचं, कारण दोरा हातात असताना अचानक ‘चला, वह्या काढा’ म्हटलं की भांडण ठरलेलं.

बाकीची मुलं विचारतात ना, त्याला कमी का? त्यावर समजूत घालत बसू नका, निवड सगळ्यांनाच द्या. रोजच्या उत्तराचे तीन प्रकार ठेवा: सांगून, मांडून, लिहून. आठवड्यात प्रत्येकानं तिन्ही एकेकदा तरी करायचे, उरलेले दिवस ज्याचे त्यानं ठरवायचे. म्हणजे त्यालाही एकदा लिहावं लागतं, फक्त त्याची मर्यादा चार ओळी. तुमच्याकडे एखादं मूल असेल जे सुंदर लिहितं आणि तोंड उघडत नाही; तेही या निमित्तानं आठवड्यात एकदा बोलेल.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर आईचा हट्ट अगदीच चुकीचा नाही. उत्तरं लिहायची नसतात, गोल रंगवायचे असतात, आणि बुद्धिमत्तेचा विभाग याच्यासारख्यांना आवडतो. अडचण वेळेची आहे: एका पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद, आणि ते वाचायचे स्वतः. दुसरा धोका ओळ सरकण्याचा; एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एक घर खाली जातात. पुठ्ठ्याची पट्टी ओळीखाली सरकवत जायची सवय आत्तापासून लावा, आणि दर पाच प्रश्नांनी प्रश्न क्रमांक नि गोलाचा क्रमांक ताडून बघायला शिकवा. सराव आठवड्यातून दोनदा, १५ प्रश्नांचा, सुरुवातीला घड्याळ न लावता. पहिले दोन महिने शाब्दिक गणितं तुम्ही वाचून दाखवा, त्यानं सोडवावीत. तुम्ही वाचलेल्यातले किती बरोबर आणि त्यानं स्वतः वाचलेल्यातले किती, हे दोन आकडे वेगळे लिहा. आईपुढे वाद घालण्यापेक्षा हे दोन आकडे ठेवा. आळशी मुलाच्या आकड्यांत तुम्ही वाचल्यानं फारसा फरक पडत नाही, हे त्यांना सांगावंही लागणार नाही.

त्यांना घरी करायला मात्र काहीतरी द्या, नाहीतर पाच पानं मागच्या दारानं परत येतील. रोज रात्री दहा मिनिटं त्यांनी त्याला वाचून दाखवायचं, त्याच्या आवडीचं, त्यानं नुसतं पुस्तकात बघत ऐकायचं. मध्येच ‘हा शब्द वाच बघू’ म्हणायचं नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा तेच दहा अर्थहीन शब्द आणि पुस्तकातल्या तेवढ्याच सहा ओळी द्या, वेळ आणि चुकांचे प्रकार टिपा. काहीच हललं नसेल तर रव्यातले शब्द सहाचे चार करा आणि नवा शब्द रोज एकच ठेवा. बारा मिनिटं बाराच राहू द्यात. आणि टाचण्यांचा तक्ता त्या दिवशीही काढा.